त्यांना आत घ्या

रहीमभाई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, शबानानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ठाण्याच्या घरी मेथी निवडत बसलो होतो. "अब्बा सकाळी गेले, काका," एवढंच ती म्हणाली आणि तिनं फोन भाभींकडे दिला. त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. पण रहीमभाईंनी आयुष्यात एकदा सूड घेतला, पुरेपूर घेतला, आणि तो घेताना त्यांचा गोलकीपर मी होतो. मला त्याचा आजही अभिमान वाटतो, तेव्हा तेच सांगतो.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही दोघं सौदीत अल खफजीला, कुवेतच्या सीमेजवळ तेलाच्या कामावर होतो. ते वेल्डर, मी गोदामाच्या ऑफिसात. रत्नागिरीकडच्या एकाच कॉलेजात शिकलेलो; मी पदवी घेतली, आणि ते दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांची होडी परत आली नाही, म्हणून त्यांचं कॉलेज सुटलं. दमामला भारतीयांची एक फुटबॉल स्पर्धा भरायची, कॉलेजवार. एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा एक संघ. तिथं एक वर्ष काढलेला असला तरी चालेल, असा नियम. रहीमभाईंनी खफजी-जुबेलमधून आमच्या कॉलेजचे तेराजण शोधून काढले. कुणी फिटर, कुणी ड्रायव्हर. शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की आमची व्हॅन निघायची. तीन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना वाळू, आणि पुढच्या सीटवर रहीमभाई कागदावर कोण कुठे खेळणार ते मांडत असायचे.

संघ बारा. सगळे सगळ्यांशी खेळत नसत. प्रत्येकाला पाच सामने मिळायचे आणि मग तिघांची निवड समिती बसून सेमीफायनलला 'लायक' असे चार संघ क्रमानं ठरवायची. पहिल्या वर्षी आम्ही पाचही सामने जिंकलो. समितीचे अध्यक्ष बँकेतले मोठे अधिकारी, पुण्याकडचे... नाव लिहीत नाही, ते वाचतील आणि ओळखतील. त्यांच्या कॉलेजचा संघ दोन सामने हरला होता. यादी वाचली गेली, तीत ते होते, आम्ही नव्हतो. मी उठून विचारलं, तर म्हणाले, तुमचे विरोधी संघ कच्चे होते. मी म्हटलं, ते तुम्हीच ठरवून दिले होते. त्यावर भर सभेत ते म्हणाले, "कप्तानच अर्धवट शिकलेला. ही कॉलेजांची स्पर्धा आहे, वर्कशॉपची नाही."

पाच-सहाजण हसले. कोण कोण ते मला अजून सांगता येईल.

परतताना रहीमभाई पुढच्याच सीटवर होते. नाक्यावर पोलिसानं इकामा, तिथला राहण्याचा परवाना, मागितला, तो त्यांनी काढून दाखवला, परत खिशात ठेवला. खफजीचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "कॉलेज मला सोडायला लागलं, सुधीर. ते मला दुसऱ्यानं सोडायला लावायचं नाही."

त्यानंतरचं वर्षभर कामावरून सुटलो की कॅम्पमागच्या टणक वाळूवर त्यांनी आम्हाला पळवलं. त्या वर्षीची घरची रजा त्यांनी पुढे ढकलली. शबाना तेव्हा नुकती चालायला लागली होती. तिची पहिली पावलं त्यांनी पाहिली नाहीत. मी एकदा तसं बोललो, तर त्यांनी मला आणखी दहा फेऱ्या मारायला लावल्या.

दुसऱ्या वर्षी बाकीच्या कप्तानांनीही कुरकुर केल्यामुळे समितीतली एक जागा कप्तानांना मिळाली. त्यांनी रहीमभाईंना निवडून दिलं. आमच्या संघाचा निर्णय उरलेल्या दोघांनी घेतला. पुन्हा पाचही सामने जिंकलेले, त्यांतले दोन तगड्या संघांशी, तेव्हा पहिला क्रमांक नाकारणं त्यांना शक्यच नव्हतं. प्रश्न चौथ्या जागेचा होता. एका बाजूला अध्यक्षांचं कॉलेज, दुसऱ्या बाजूला केरळचं एक. अध्यक्षांनी, स्वतः बाजूला न होता, आपल्याच संघाला मत दिलं, दुसऱ्या सभासदानं केरळला. आता सगळं रहीमभाईंवर होतं. अध्यक्ष खाली बघत होते. रहीमभाई म्हणाले, "त्यांना आत घ्या."

अध्यक्षांनी उठून त्यांचा हात हातात घेतला, आभार मानले. पहिल्या क्रमांकाची गाठ चौथ्याशी पडते, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला असावा.

इथे एक कबूल करायला हवं. केरळचा संघ सरस होता. जे आमच्या वाट्याला आलं तेच रहीमभाईंनी त्यांच्या वाट्याला आणलं. रहीमभाई नंतर केरळच्या कप्तानाच्या खोलीवर जाऊन आले. त्यानं चहा दिला, पण एक शब्द बोलला नाही. ते रहीमभाईंना लागलं होतं... तरीही मत बदलायला ते गेले नाहीत.

सेमीफायनल आम्ही सात-शून्यनं जिंकलो. अध्यक्ष पहिल्या रांगेत बसले होते. पाचव्या गोलनंतर मी रहीमभाईंना म्हटलं, आता बस करू या. ते म्हणाले, "अजून वीस मिनिटं आहेत." सामना संपल्यावर अध्यक्ष मैदानात आले, हात पुढे केला. रहीमभाईंनी खाली वाकून चेंडू दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. मग शांतपणे म्हणाले, "साहेब, विरोधी संघ कच्चा होता."

पुढच्या शुक्रवारी फायनल आम्ही हरलो. मी रडवेला झालो होतो. रहीमभाई बूट सोडत म्हणाले, "आपली फायनल मागच्या शुक्रवारी झाली."

गेल्या महिन्यात मी त्यांच्या गावी गेलो. जाण्याआधी अध्यक्षांचा फोन आला होता. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. चांगला खेळाडू होता म्हणाले, मनात काही ठेवलं नसेल ना, असंही विचारलं. मी फोन ठेवला. ते भाभींना विचारायचं ठरवलं.

रहीमभाईंची खोली घराच्या मागच्या अंगाला आहे. पलंग, भिंतीला टेकवलेली काठी, आणि आमच्या कॉलेजच्या मैदानाकडे उघडणारी खिडकी. मी भाभींना फोनचं सांगितलं. म्हटलं, लेख लिहितोय, त्यांनी माफ केलं होतं असं लिहू का?

भाभींनी जराही वेळ घेतला नाही. "नका लिहू, भाऊ. खोटं होईल."

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार होत होते. त्या उठल्या, खिडकीची कडी काढली आणि दोन्ही झडपा ढकलल्या. रोज ह्या वेळी उघडावी लागायची, त्या म्हणाल्या, मैदानावरची शिट्टी नीट ऐकू यायला हवी असायची त्यांना. बाहेर खेळ सुरू व्हायचा होता. भाभी पलंगाच्या कडेला बसल्या. मीही बसून राहिलो.