ठोकळ्यावरची मोटार

अकोल्याला मोर्णेच्या काठी चंद्रभान माळ्याचा मळा होता. झेंडू, शेवंती, कडेला थोडी वांगी. पण आसपासचे लोक त्याला ओळखायचे ते त्याच्या दमणीमुळं. एखादी बाई बाळंतपणात अडली आणि कोणी दारात आलं, की हा हातातला घास ताटात टाकून उठायचा आणि बैल जुंपायचा. पुढं गावात भाड्याच्या मोटारी आल्या, तरी त्याचं तेच. "मोटर सांगितली हाय, जरा थांबा," असं कोणी म्हटलं तर तो त्या माणसाकडं असा बघायचा की त्याची जीभ जागीच थांबायची. लोक म्हणत, म्हातारा जुन्या वळणाचा आहे, मोटारीला भितो. भितो कसला. मोटारीपायी एवढा खुळावलेला माणूस त्या काळी सबंध वऱ्हाडात दुसरा नसेल.

फुलमाळ्याच्या पोटी जन्मला आणि नाद लागला मोटारीचा. अकोल्यातच एका कापसाच्या व्यापाऱ्याकडं उघड्या टपाची, पितळी दिव्यांची मोटार होती. दसऱ्याला तिच्यासाठी हार जायचा तो चंद्रभानच्या घरचा. हार घालावा आणि निघावं की नाही? पण हा तिच्याभोवती घुटमळत राहायचा. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं कंटाळून याच्या हातात फडकं दिलं. फडक्यानंतर पाना आला, पान्यानंतर हॅन्डल, आणि म्हातारा डोळ्यांनी अधू झाला तेव्हा चंद्रभान चाकामागं जाऊन बसला. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

मग व्यापाऱ्यानं नवी मोटार घेतली आणि जुनी विकून टाकली, कुठं तर वणीच्या पलीकडं जंगलातल्या एका कोळशाच्या खदानीला. नव्या गाडीवर शेटजी चंद्रभानलाच ठेवणार होते. शहाण्या माणसानं देवापुढं नारळ फोडला असता. हा जुन्या गाडीबरोबर खदानीवर जायला निघाला.

"मोटर इकली शेटजीनं," त्याची आई पार्बताबाई म्हणाली. "तुले थोडंच इकलं? तू कावून जाऊन राहिला?"

"तिले दुसऱ्याचा हात चालत नाई, आई."

"आन् घरात नवी नवरी आनली, तिचं काय?"

त्या नवरीचं नाव वच्छला. तिनं पदराच्या गाठीत झेंडूचं बी बांधलं आणि मागाहून रेल्वेनं, मग बैलगाडीनं खदानीवर आली. मोटारीतून चंद्रभान तिच्याशिवायच आला होता, मागं कंपनीचा कारकून बसवून. साहेबाच्या मोटारीत गड्याची बायको कशी बसणार? पण यवतमाळचा तो घाट उतरताना चंद्रभान जितका सुखात होता, तितका आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही.

खदानीवर रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. नाले आणि बैलगाडीची चाकोरी. मॅनेजरसाहेब दोनदा मोटारीत बसला, दोनदा त्याचं डोकं टपाच्या दांडीला आपटलं, आणि तो पुन्हा घोड्यावर बसायला लागला. पावसाळ्याच्या तोंडी खदानीतलं पाणी उपसायच्या पंपाचा बॉयलर तडकला. नवा कलकत्त्याहून यायचा होता. साहेबाची नजर मोटारीवर गेली. मागचं एक चाक ठोकळ्यावर उचललं, त्याचा टायर काढला, चाकावर पट्टा चढवला आणि पट्ट्याचं दुसरं टोक पंपाला.

"चार दिवसाचा सवाल हाय रे," नत्थुजी मुकादम म्हणाला. खदानीतल्या मजुरांवर त्याची देखरेख असायची. माणूस वाईट नव्हता.

कसले चार दिवस. पावसाळा सरला, बॉयलर काही आला नाही. चंद्रभान सकाळी मोटारीत बसायचा तो दिवसभर. इंजिन तापायचं, पट्टा घसरायचा, म्हणून हलता येत नसे. गाडी दिवसभर धावायची आणि समोरचं मोहाचं झाड तिथंच. कधीकधी त्याला नुसतं रडू यायचं. जिच्यापायी घरदार सोडलं तिला घाण्याला जुंपलेली बघणं त्याच्या जिवावर येई.

दसऱ्याला वच्छलानं झोपडीमागं लावलेल्या झेंडूचा हार केला. फुलांवर कोळशाची काजळी बसली होती, ती तिनं एकेक फूल धुऊन काढली. तेव्हा तिला दिवस गेले होते. गाडीला हार घातला आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून ती मागच्या गादीवर जाऊन बसली. इंजिन चालू होतं, गाडी थरथरत होती. तिनं डोळे मिटले.

"वाटते धावून राहिली," ती म्हणाली.

"बाळंतपनाले तुले याच गाडीत वणीले नेइन. खरीखुरी धाववत."

"नेजा बाप्पा," ती हसली. "लोकाइले सांगते म्या, माह्या मालकाजोळ मोटर हाय. पन म्या कधी तिच्यात बसून गाव पाह्यलं नाई."

माघात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. शेजारच्या झोपडीतली मनकर्णा बाळंतपणं करायची. पहाटे तिनं पोट चाचपून पाहिलं आणि उजाडता उजाडता चंद्रभानला बाहेर बोलावलं.

"भाऊ, पोर आडवं हाय. माह्यानं नाई होत हे. खदानीची दमणी आता वणीच्या बाजारले निघून राहिली. हिले तिच्यात घाला. तिसऱ्या पहारी दवाखान्यात पोचू."

दमणी समोर उभी होती. बैल जुंपलेले होते. चंद्रभाननं दमणीकडं पाहिलं, मग मोटारीकडं. खदानीत उतरलेली मजुरांची पाळी दुपारी वर येते, तोवर पंप बंद करता येत नाही. मग पट्टा काढायचा, टायर चढवायचा, नि वणी कितीशी दूर? बैलगाडीच्या आधी पोचू.

"दमणीत हाडं मोडतीन तिचे," तो म्हणाला. "दुपारी मोटरनं नेतो. मोटर असल्यावर बैलगाडी कावून?"

हे त्यानं बायकोच्या काळजीनं म्हटलं, की चाकामागं बसून एकदा तरी रस्ता बघायला मिळावा म्हणून? खरं सांगायचं तर दोन्ही. वच्छलाला विचारलं तर ती म्हणाली, "तुमी म्हनान तसं." आणि दमणी निघून गेली, मागची जागा मोकळी ठेवून.

दुपार झाली, पाळी वर आली नाही. नत्थुजी धापा टाकत आला. आत एके ठिकाणी छत बसलं होतं, मजूर दगडमाती उपसून वाट करत होते. आणि त्यांच्या वाटेत एक सखल वाकण होतं. पंप पाणी ओढायचा ते तिथलंच. पंप थांबला की वाकण भरलं, आणि माणसं पलीकडं अडकली.

"नत्थुजी, माही बायको..."

"मले माहीत हाय."

"किती टाइम लागंन?"

"ते म्या कसं सांगू? म्या खाली जाऊन राहिलो त्याइच्यासंग." आणि नत्थुजी खरंच उतरला. गाडी बंद करू नको असं एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर चंद्रभानला निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं.

तो बसून राहिला. झोपडी हाकेच्या अंतरावर होती. इंजिनाच्या आवाजात वच्छलाचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. ते त्याला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतं म्हणून स्वतःचीच शिसारी येत होती. मनकर्णा दोनदा दारात येऊन त्याच्याकडं बघून गेली. दमणी आता कुठवर पोचली असेल, कुठला नाला ओलांडला असेल, याचाच हिशेब त्याच्या डोक्यात चालला होता.

उन्हं कलली तेव्हा माणसं वर यायला लागली. काळी, ओली, एकामागं एक. शेवटी नत्थुजी. त्यानं स्वतःच पट्टा ओढून फेकला आणि टायर हातात घेतला. पंप थांबलेला बघून साहेब घोड्यावरून दौडत आला, खदान बुडेल म्हणून ओरडायला लागला.

"बुडू द्या," नत्थुजी म्हणाला, आणि चाकाचे नट आवळत राहिला.

वच्छलाला मागच्या गादीवर घेतलं, डोकं मनकर्णेच्या मांडीवर. गाडी ठोकळ्यावरून उतरली आणि चालली. आठेक महिन्यांनी चाकाखालून जमीन जात होती. नाला ओलांडल्यावर सपाट माळ लागला. चंद्रभाननं वेग वाढवला, वारा तोंडावर आला, पळसाची झाडं भराभर मागं पडायला लागली. आणि मी काय सांगू, त्या माणसाला आनंद झाला. पोटातून, भरून आल्यासारखा आनंद. त्याच्या पायांत, हातांत जीव परत आला. मागून वच्छलाचा आवाज आला, अगदी बारीक.

"अवो, धावून राहिली ना?"

"धावून राहिली," तो ओरडून म्हणाला. मागं वळून बघितलं नाही. समोर रस्ता इतका चांगला होता.

बराच वेळ तो तसाच हाकत राहिला. मग खांद्यावर मनकर्णेचा हात पडला.

"हळू घ्या, भाऊ," ती म्हणाली. "आता घाई नाई राहिली."

त्यानं गाडी हळू केली. वणी अजून दूर होती, म्हणून परत वळवली. मायलेकराला घेऊन तो प्रत्येक खड्ड्यात गाडी अलगद उतरवत होता, धक्का बसू नये म्हणून. मागून बाजार आटोपून खदानीची दमणी आली. तिला पुढं जाऊ द्यायला तो चाकोरीतून बाजूला झाला.

वर्षश्राद्धाला तो अकोल्याला आईकडं होता. मळा मोडकळीस आलेला, विहिरीची मोट फाटलेली. पार्बताबाई म्हणाली, आधी मोट शिव. त्यानं आधी दमणी आणली.