अर्ध्यावर राहिलेले आभार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत, घरातसुद्धा. माणसांशी बोलायचं म्हटलं की त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही, पण देवाशी मात्र दिवसभर पुटपुट चालू. डोळा उघडला की अंथरुणातच, ‘तुझे आभार, माझा जीव परत दिलास.’ पाणी प्यायच्या आधी आभार, वीज चमकली तरी आभार. यहुदी माणसानं कुठलीच गोष्ट फुकटात मिळाल्यासारखी घेऊ नये, असं त्याचे वडील सांगायचे. त्यानं ते एकदा ऐकलं आणि पुढं कधी त्यावर विचार केला नाही. श्वास घेताना कोण विचार करतं?

विचार करायची वेळ त्याच्यावर आणली ती एका दुपारच्या जेवणानं.

एका जुन्या इमारतीची लिफ्ट अडकत होती. मिस्त्री आणि त्याचा जोडीदार लंबू सकाळपासून तिथंच होते. लंबू उंचीनं ताडमाड, तोंडानं फटकळ. त्याचा धर्म वेगळा, आणि देवाशी त्याचं फारसं येणंजाणं नव्हतं. दोघांनी जिन्यात बसून डबे उघडले. मिस्त्रीच्या डब्यात उकडलेली अंडी आणि पाव. पाव खाल्ला की जेवणानंतरची मोठी प्रार्थना आलीच, आणि ती काही दोन मिनिटांत उरकणारी नव्हे. केबिनच्या छतावर चढून दोर तपासायची पाळी मिस्त्रीची होती. लंबूनं डबा बंद केला, हात झटकले आणि थोडा वेळ वाट पाहिली.

“झालं का?”

मिस्त्रीनं डोळे न उघडताच हातानं थांब म्हणून खूण केली.

“तू बस आभार मानत. मी चढतो.”

लंबू चढला. वर ब्रेक सरकला, केबिन हातभर घसरली, आणि लंबूचा डावा पाय केबिन आणि भिंतीतल्या लोखंडी पट्टीच्या मधे सापडला. किंकाळी ऐकली तेव्हा मिस्त्री प्रार्थनेच्या मध्यावर होता. तो तसाच धावला. डॉक्टरांना लंबूचा जीव वाचवता आला, पाय नाही. गुडघ्याखालून काढावा लागला.

शब्बाथला, म्हणजे शनिवारी, मिस्त्री सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेला, तर दारातच म्हाताऱ्यांनी त्याला घेरलं. एकानं तर मिठीच मारली. “बघ, प्रार्थनेनं वाचवलं तुला! आता पुढं हो आणि सगळ्यांसमोर सुटकेचे आभार मान.” मोठ्या संकटातून सुटलेल्यानं दहा जणांसमोर तसे आभार मानायची रीत आहे. मिस्त्री पुढं झाला नाही. पाय दुखतोय, असं काहीतरी बोलला, आणि बोलल्याबरोबर त्याचे कान तापले. दुखायला त्याच्या पायाला काय धाड भरली होती?

त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. प्रार्थनेनं आपल्याला वाचवलं असेल, तर लंबूचा पायही प्रार्थनेनंच घेतला. नाही म्हणावं, तर मग इतकी वर्षं आपण कोणाचे आणि कशाचे आभार मानत होतो? एक धरावं तर दुसरं अंगावर यायचं. सकाळी डोळा उघडायचा, ओठ हलायचे, ‘आभार’ इथवर यायचं आणि गाडी तिथंच रुतायची.

एकदा बायकोनं त्याचा डबा घासायला घेतला, तर पाव तसाच.

“आज पण परत आणलास?”

“भूक नव्हती.”

“अंडी बरी संपतात.” तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. “पाव खाल्ला की मोठी प्रार्थना करावी लागते, म्हणून ना? देवाला चुकवतोयस की काय, उधारीवाल्यासारखा?”

मिस्त्रीनं पाण्याचा पेला उचलला, ओठाला लावला आणि न पिता खाली ठेवला.

शेवटी तो रब्बींकडं, सिनेगॉगच्या धर्मगुरूंकडं गेला. रब्बी वयानं त्याच्याहून लहान, पण ऐकून घेणारे. सगळं ऐकल्यावर त्यांनी दाढी खाजवली. मग म्हणाले, “चांगली बातमी आली तर म्हणायचं, देव भला आहे. वाईट आली तर, देव खरा न्यायाधीश आहे. एकाच बातमीत दोन्ही असेल, तर दोन्ही म्हणायचं.”

“पण आधी कुठलं?”

“मिस्त्री, खरं सांगू? तुमच्या जागी मी असतो तर मलाही सुचलं नसतं.” आणि पुढं म्हणाले, “एक जुनं वाक्य आहे. मरणाच्या दारातून परत आलेल्याला त्याचे मित्र म्हणायचे. ‘ज्यानं तुला आम्हाला दिलं, मातीला दिलं नाही, तो धन्य.’ सुटका काय तुमची एकट्याचीच झाली का? त्याचीही झालीच की. त्याला हे म्हणून बघा.”

मिस्त्री वाटभर ते वाक्य घोकत हॉस्पिटलात गेला. लंबूच्या खाटेशी त्याची बायको बसली होती. तिनं स्टूल पुढं केलं आणि सहज विचारलं, “भावजी, त्या दिवशी तुमची प्रार्थना पुरी झाली होती का हो?”

टोमणा होता की नुसताच प्रश्न, मिस्त्रीला काही कळेना. “नाही वहिनी. अर्ध्यावर राहिली.”

“अगं बाई,” ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. मिस्त्री आणखीच गोंधळला. घाईघाईनं त्यानं लंबूला ते वाक्य म्हणून दाखवलं.

लंबूनं ऐकून घेतलं. “मातीला दिलं नाही कसं? पाय दिला ना.”

तेवढ्यात नर्स आली. ऑपरेशननंतर लावलेली लघवीची नळी सकाळी काढली होती, आणि तेव्हापासून लंबूला लघवीच होत नव्हती. झाली नाही तर परत नळी घालावी लागेल, असं तिनं बजावलं. मिस्त्रीनं पडदा ओढला, भांडं धरलं आणि कोपऱ्यातला नळ सोडून ठेवला. लंबू कुंथला, नळाला शिव्या दिल्या, मिस्त्रीला शिव्या दिल्या. आणि मग एकदाची धार लागली.

“सुटलो बाबा!” लंबूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मिस्त्रीचे ओठ आपसूक हलले.

“आता काय पुटपुटतोस?”

“आमच्यात यासाठीही आभार मानतात.”

“लघवीचे? तुझ्या देवाला दुसरा कामधंदा नाही का? म्हण बघू मोठ्यानं, मला कळेल असं.”

मिस्त्री अडखळत सांगू लागला. “ज्यानं माणसाच्या अंगात नळ्या केल्या, छिद्रं केली, तो धन्य. त्यातली एक जरी तुंबली किंवा फुटली, तर तुझ्यासमोर...” इथं तो थांबला.

“तुझ्यासमोर काय?”

“तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही.”

पडद्याआड नळ वाहत होता. लंबूनं चादरीखालच्या त्या सपाट जागेकडं पाहिलं.

“एका पायावर उभं राहिलेलं चालतं का त्याला?”

“माहीत नाही.”

“विचारून ये मग. आणि तो नळ बंद कर, पाणी वाया जातंय.”

पुढं लंबूला नकली पाय बसला. मालकानं त्याला ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना तो शिव्या न देता धीर देऊ लागला, ह्याचं सगळ्यांनाच नवल. मिस्त्रीची पुटपुट हळूहळू परत सुरू झाली, पण पूर्वीसारखी धडधडत नाही. मधेच तो थांबतो, एखाद्या शब्दाकडं अनोळखी माणसाकडं पाहावं तसं पाहतो आणि पुढं जातो. सुटकेचे आभार त्यानं सगळ्यांसमोर कधीच मानले नाहीत. म्हाताऱ्यांनीही नंतर विचारायचं सोडलं. नवीन मदतनीस मिळाला आहे, पण छतावर मिस्त्री स्वतःच चढतो. पाळी कोणाची का असेना.