मल्वाझियाचं बी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी घरामागे झाडांना पाणी घालत होतो. "भावजी, मिलिंद गेले," एवढंच म्हणाल्या... त्याला आता सहा आठवडे होतील. नळ बंद करायचंही मला सुचलं नाही.

मिलिंद नागपूरचा, मी नाशिकचा. इथे अमेरिकेत, चँडलरला चिपच्या कारखान्यात वीस वर्षं शेजारी बसलो. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. हा पठ्ठ्या अडीच तासांवरच्या एका द्राक्षमळ्यात कामाला लागला. तिथे मल्वाझिया नावाचं इटालियन पांढरं द्राक्ष होतं. पिकला दाणा चावला की संत्र्याच्या फुलांचा वास येतो म्हणे. नागपूरकर त्यावरच भाळला असणार. गंमत म्हणजे, पंचशील पाळणाऱ्या या माणसाने त्याची वाइन कधी ओठाला लावली नाही. तरी तोडणीचा दिवस मळ्याची मालकीण रोझ त्यालाच विचारायची. साखर यंत्राने मोजत, पण शेवटचा शब्द मिलिंदच्या जिभेचा.

द्राक्षातलं मला कळतं अशी माझी समजूत. पहिल्यांदा गेलो तेव्हा ऐटीत म्हणालो, "अजून आठवडा ठेवा, गोडी येऊ दे."

"अबे नाशिककर, हे बशीत ठेवून खायचं द्राक्ष नाही," तो म्हणाला. "आंबटपणा गेला की वाइन फ्लॅट. बी चावून बघ. कुटकन वाजलं की रेडी."

गेल्या ऑगस्टमध्ये केमोने त्याची चव गेली, वासही गेला. तरी माझ्या खांद्यावर हात ठेवून तो मळ्यात आला. प्रत्येक ओळीत एक दाणा मला, एक स्वतःला. "सांग," म्हणायचा. वर्षाचं पीक माझ्या भरवशावर... मला घाम फुटला होता. "गोड आहे, मागे आंबट राहतंय," मी चाचरत म्हणालो. त्याने मान डोलावली आणि रोझला तोडणीचा दिवस सांगितला. पीक चांगलं साधलं. आजारी मित्राच्या उपयोगी पडलो, या समाधानात मी वर्ष काढलं.

परवा रोझने मला बोलावलं. एकटाच ओळींतून फिरलो. बी दाताखाली कुटकन वाजलं आणि पाय थबकले. चव गेली तरी हा आवाज त्याला ऐकू येतच होता. द्राक्षं तयार आहेत हे तो माझ्याआधीच ओळखून होता... आपल्यामागे रोझने कुणाला विचारायचं, याची सोय तो करत होता. आणि मी समजत होतो, मी त्याला मदत करतोय.