कडीला अडकवलेले गजरे

फूल पुरं झालं की शेजारच्या वहिनी ते आधी स्वतःच्या गालावरून फिरवायच्या. तारेचं टोक कुठे वर राहिलंय का, ते त्यांना गालच सांगायचा. "टोचायला नको गं पोरीला," म्हणायच्या आणि पकडीने ते टोक पुन्हा आत दाबायच्या.

घरात दोघीच, वहिनी आणि त्यांची एकुलती लेक. लेकीला दमा. खऱ्या फुलांचा वास आला की तिला धाप लागायची. म्हणून वहिनी बारीक तारेत काचेचे मणी ओवून फुलं करायला शिकल्या. मोगरा, शेवंती, अबोली. गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जायचं, तर केसातला गजरा काढून दाराबाहेरच्या कडीला अडकवायचा आणि मगच आत. तुम्ही बघायला हवी होती ती कडी! मी एकदा कुरकुरले, "अहो, आत्ताच तर माळलाय!" तर लेकच आतून ओरडली, "काकू, गजरा प्यारा की मी?" अडकवला, डोंबल!

तिचं लग्न ठरलं आणि वहिनींना दहा हत्तींचं बळ आलं. लग्नात मण्यांचीच वेणी हवी, हा लेकीचा हट्ट. रोज दुपारी दार उघडं टाकून वहिनी मोगऱ्याच्या कळ्या वळत बसायच्या. "तार ओढायची नाही, वळवायची. ओढली की तुटते," हे मला किती वेळा ऐकवलं असेल! माझ्या हातून ती तुटायचीच.

वेणी अर्धी झाली होती, तेव्हा लेकीला दम्याचा झटका आला. दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. सोन्यासारखी पोर हो.

तिला घरी आणलं. माणसं हार आणत होती, तिच्या अंगावर ठेवत होती. वहिनी एकेक हार उचलायच्या, बाहेर जाऊन कडीला अडकवायच्या आणि परत यायच्या. "तिला खोकला येतो हो," एवढंच म्हणायच्या. कुणीतरी त्यांना धरायला पुढे झालं. मी म्हटलं, खबरदार! आणि उरलेले हार मीच बाहेर नेले.

मग त्यांनी ती अर्धवट वेणी आणली. गालावरून फिरवली, अगदी सावकाश. एक टोक आत दाबलं, पुन्हा फिरवली आणि मगच पोरीच्या केसात माळली.

वहिनी आता चांदवडला भावाकडे असतात. मणी इथेच ठेवून गेल्या. दाराला कुलूप आहे. तरी बाजारातून गजरा माळून आले की मी तो आधी त्या कडीला अडकवते आणि मग माझ्या घरात शिरते. आत खोकणारं कुणी नाही, कळतंय मला.