पप्पांची चक्कर

माझे पप्पा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला आहेत. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं हे त्यांचं काम. ठिणग्या उडून त्यांच्या शर्टांना जिथंतिथं बारीक भोकं पडलेली असतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. असा हा माणूस दवाखान्यात नर्स मला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन देत असताना माझ्या शेजारी धीर द्यायला उभा राहिला आणि सुई बाहेर आल्याबरोबर सरळ खाली गेला. सोबत सलाईनचा स्टँडही घेऊन गेला. एवढा आवाज झाला की बाहेरची माणसं आत डोकावायला लागली. दोघी नर्स पप्पांच्या तोंडावर पाणी मारत होत्या, आई त्यांचे तळवे चोळत होती आणि मी दंड उघडा टाकून कॉटवर बसले होते. दुखलं का म्हणून मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तेव्हा मी चौथीत होते. लहान मुलांना होतो त्या प्रकारचा मधुमेह मला झाला होता. यात अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, ते रोज जेवणाआधी टोचून घ्यावं लागतं, आणि तेही जन्मभर. गोड खाऊन हा होत नाही, हे आईनं सगळ्या गल्लीला समजावून सांगितलं. समोरच्या काकूंना अजून पटलेलं नाही.

टोचायचं काम आई शिकली. पहिले काही महिने मी निमूट हात पुढं केला. मग एक दिवस काय झालं कोण जाणे, मी कपाटाच्या मागं जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी कॉटखाली. नंतर शेजाऱ्यांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आड. समोरच्या काकू एकदा मदतीला आल्या, तर मी त्यांच्या मनगटाला चावले. साखर वाढत चालली. शेवटी माझ्या डॉक्टरांनी सांगितलं, "आमच्याकडं मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांना भेटा."

पप्पा जिन्यातच थांबले. "म्हंजी? आमची पोरगी येडी हाय काय?"

"येडी न्हाई, आगाव हाय," आई म्हणाली. "चला वर."

मानसशास्त्रज्ञ बाईंची खोली एक्स-रेच्या शेजारी होती. पूर्वी तिथं चादरी ठेवत असत, आणि एका कोपऱ्यात तेव्हाही त्यांचा गठ्ठा होताच. बाई कळंब्याच्या. आवाज असा की कुजबुजल्या तरी एक्स-रे काढणाऱ्या माणसाला ऐकू जावं. मला वाटलं होतं, या मला समजावणार, चॉकलेट तर देता येत नाही म्हणून स्टिकर देणार, शहाणी मुलगी म्हणणार. त्यातलं काही झालं नाही. त्यांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "घरात इंजेक्शनच्या वेळी काय होतं, ते मला करून दाखवा. बोलून नको. नाटक करा."

आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. मग आईनं टेबलावरच्या पेनाचं टोपण हातात धरून सुरुवात केली. "ये गं." मी चादरीच्या गठ्ठ्यामागं पळाले. आई मागून. पप्पांना काय करावं कळेना, म्हणून ते घरी करतात तेच त्यांनी केलं. दारापाशी गेले, भिंतीकडं तोंड केलं, आणि एका हातानं चौकट घट्ट धरली. नुसतं टोपण होतं, तरी कपाळावर घाम!

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "आई टोचायला आली तेव्हा तू कुणाकडं बघत हुतीस?"

"पप्पांकडं."

"का गं?"

मी परत पप्पांकडंच बघितलं. बाईंनी आईपप्पांना बाहेर बसवलं आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसल्या.  मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पप्पा कशालाच भीत न्हाईत. त्यांचं तोंड पांढरं होतं म्हंजे काहीतरी लई वाईट असणार. मला सांगत न्हाईत." आणि मग मी विचारलं, "मी मरणार हाय व्हय?"

इतके दिवस हे पोटात घेऊन मी हिंडत होते. डॉक्टरांना विचारलं नव्हतं, आईला विचारलं नव्हतं. कपाटामागं बसून तेवढंच डोक्यात असायचं.

बाईंनी माझे दोन्ही हात धरले. "न्हाई. इन्सुलिन न घेता पळत राहिलीस तर आजारी पडशील, ते मी तुझ्यापासनं लपवणार न्हाई. पण रोज घेतलंस, तर तू शाळा शिकशील, कॉलेज करशील, नोकरी करशील. म्हातारीसुद्धा होशील."

"म्हातारी?"

"व्हय की. दात पडतील, गुडघे दुखतील, सुनेला शिव्या देशील. आणि तवाबी जेवायच्या आधी इंजेक्शन घेशील."

मला जे काही झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पोटातून हसू वर आलं ते थांबेचना. मी दार उघडून बाहेर पळाले, आणि नंबर लागायची वाट बघत बसलेल्या त्या सगळ्या माणसांमधून ओरडत गेले, "मी म्हातारी होणार हाय! आई, मी म्हातारी होणार हाय!" एक आजोबा दचकून उठले. आई हसायला लागली आणि हसता हसता तिथंच बाकावर रडायला लागली. पप्पा तिच्याकडं एकदा, माझ्याकडं एकदा बघत होते. त्यांना काही समजलं नव्हतं, पण तेही हसत होते.

तेवढ्यात बाई दारात आल्या. "पावणं, आत या. आता तुमचा नंबर."

"माझा? मला काय झालंय?"

बाईंनी त्यांना सांगितलं की हा भित्रेपणा नव्हे. काही माणसांचा रक्तदाब सुई किंवा रक्त बघितल्यावर एकदम खाली येतो, म्हणून चक्कर येते. त्यावर उपाय आहे, आणि तो अगदी तुमच्यासारख्या माणसाच्या कामाचा आहे. दंड, मांड्या, पोट सगळं आवळायचं. तोंड गरम होईपर्यंत धरायचं, मग थोडं सैल सोडायचं, परत आवळायचं. दाब खाली येत नाही, माणूस पडत नाही.

"एवढंच?" पप्पा म्हणाले.

"करा की मग."

पप्पांनी अंग आवळलं. शर्टाचं वरचं बटण तुटून बाईंच्या टेबलाखाली गेलं.

घाईही होती. गारगोटीला मामाचं लग्न ठरलं होतं आणि आई तयारीसाठी आधीपासून जाऊन राहणार होती. माझी शाळा, म्हणून मी आणि पप्पा मागं. म्हणजे इंजेक्शन पप्पांनीच द्यायचं. बाईंनी पायऱ्या ठरवून दिल्या. आधी मोबाइलवर सुईचा फोटो बघायचा, मग टोपण लावलेलं इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखी सिरिंज, हातात धरायचं, मग उघडं पेन, मग संत्र्याला टोचायचं, मग मला. आणि घरात शिकवणार कोण? मी! मी पळ काढायचं विसरूनच गेले. पप्पा कामावरून आले की मी त्यांना खुर्चीत बसवायचे आणि बाईंच्या आवाजात ओरडायचे, "पावणं, आवळा!" पप्पा लालबुंद व्हायचे. "सोडा! परत आवळा!" खिडकीत काकू उभ्या राहून बघायच्या. त्यांना वाटलं पप्पांना बद्धकोष्ठाचा त्रास आहे. संत्री टोचून टोचून संपली, मग वांग्याला टोचलं. त्या वांग्याची भाजी खायला आईनं साफ नकार दिला.

आई जायच्या आदल्या दिवशी बाईंच्या खोलीत पप्पांनी मला पहिलं इंजेक्शन दिलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तोंड पांढरं नव्हतं, टोमॅटोसारखं झालं होतं, आणि दात असे आवळलेले की मला खुदकन हसू आलं. टोचून झाल्यावर ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "मी उभा हाय."

"उभंच हाईसा की तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी उभा हाय!" ही आरोळी एक्स-रेच्या खोलीपर्यंत गेली असणार.

आई गारगोटीला गेली. आम्ही दोघांनी सगळे दिवस व्यवस्थित काढले, रोज फोनवरून तिला मोठ्या रुबाबात बातमी दिली आणि लग्नाच्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून गारगोटीला पोचलो.

हॉल भरला होता. आमच्यात लग्नाला पांढरे कपडे घालतात, त्यामुळं सगळीकडं पांढरंच पांढरं. बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या मांडून झाल्या होत्या. मला वेळेवर जेवायला लागतं म्हणून माझं ताट आधी वाढायचं ठरलं होतं, आणि त्याच्याआधी इंजेक्शन. शांत जागा एकच सापडली, नवरदेवाची खोली. मामा आरशासमोर केस बसवत होता. पप्पांच्या चकरेवर सगळ्यात जास्त हसलेला माणूस हाच.

"काय दाजी," तो म्हणाला, "खाली गादी टाकू का?"

 पप्पांनी माझी बाही वर केली, अंग आवळलं आणि टोचलं. अगदी झोकात. मामा मान पुढं करून बघत होता. "आयला, दाजी, भारीच की..." एवढं म्हणाला, आणि त्याचा कंगवा पडला, मग तो पडला.

इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात नवरदेव फरशीवर आडवा! मी त्याचे पाय उचलून खुर्चीवर ठेवले, बाईंनी तसंच शिकवलं होतं. पप्पा ओरडत होते, "आवळ, अरे आवळ!" पण बेशुद्ध माणूस काय आवळणार? आवाज ऐकून मुलीकडची माणसं दारात गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "नवरदेवाला फिट येती काय? आमाला सांगितलं न्हाई." झालं, दारात गलका. माझं ताट तेवढ्यात कुणीतरी आणून दिलं होतं आणि मला खाणं भाग होतं, म्हणून मी चपातीचा घास चावत चावतच सगळ्यांना समजावलं. "फिट न्हाई! सुई बघितली म्हणून दाब उतरला! पप्पांनापण हुतंय! उपाय हाय त्याला!"

गर्दीतून वाट काढत नवरी स्वतः पुढं आली. पांढरी साडी, हातात फुलांचा हार. तिनं मामाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि विचारलं, "काय आवळायचं म्हणालीस?" मी दाखवलं. मामानं डोळे उघडले तेव्हा ती त्याच्या उशाला बसून त्याला मुठी आवळायला लावत होती, आणि दोघंही हसत होते. बुद्धवंदना उशिरा सुरू झाली. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मामाच्या मुठी आवळलेल्या आहेत.

आम्ही हे बाईंना सांगायला गेलो, तेव्हा त्या इतक्या हसल्या की एक्स-रेवाला येऊन बघून गेला. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आणा की त्यांनाबी."

आता मी कॉलेजात आहे आणि इंजेक्शन माझं मीच घेते. मामाला मात्र बरीच वर्षं कुणी हलवू शकलं नाही. परवा त्याला कसलीशी रक्ताची तपासणी सांगितली, आणि तो ती पुढं ढकलत राहिला. शेवटी मामीनं त्याला बाईंकडं न्यायला गाडी दारात काढली.

"मला काय झालंय?" मामा म्हणाला.

"काय न्हाई झालं," मामी म्हणाली. "बसा मागं."