स्टेटस कुणी पाहिलं, त्या यादीतलं नाव

परवा रविवारी मुदखेडला दादांकडे गेले होते... आणि आपण किती शहाणे आहोत ते एकदाचं कळलं.

दादा म्हणजे आमचे वडील. रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. आई गेल्यापासून एकटेच असतात. मी लातूरला एका खासगी क्लासचं सोशल मीडिया सांभाळते... रील, पोस्ट, लाईव्ह, सगळं माझ्याकडे. नवीन ॲप कुठलंही येवो, ते सगळ्यांच्या आधी मला आलंच पाहिजे, अशी मला खाज आहे. ऑफिसात कुणाचं काही अडलं की माझ्याकडे येतात आणि मीही मान ताठ करून सांगते.

दादांना व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकायला गेल्या वर्षी मीच शिकवलं. मग काय... दिवसाला वीस-वीस! 'जय भीम, शुभ सकाळ', गुलाबाची फुलं, लसणाचे फायदे, कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस. त्यांच्या फोटोभोवतीच्या हिरव्या कड्याचे इतके तुकडे व्हायचे की धावदोरा घातल्यासारखं दिसायचं. चार महिन्यांपूर्वी वैतागून मी ते म्यूट करून टाकलं. त्यांना कुठं कळणार आहे... आणि दर रविवारी दोन मिनिटांचा फोन तर होतोच की आमचा.

तर परवा दादांनी दार उघडलं ते लंगडत. उजव्या घोट्याला बँडेज.

"हे कधी झालं?"

"पंधरा दिस झाले. न्हाणीत घसरलो. आता लई कमी हाय."

"आणि मला सांगितलं नाही?"

"सांगितलं की," दादा अगदी सहज म्हणाले. "स्टेटसला टाकलं होतं."

मी चप्पल काढायचं निमित्त करून खाली बघत राहिले. तोवर ते आतून मोबाईल घेऊन आले.

"बरं झालं आलीस. हे बघ बरं जरा, यात तुझं नाव यायचं बंद झालंय."

त्यांनी स्टेटस उघडलं, बोट वर सरकवलं आणि कुणी कुणी पाहिलं ती यादी माझ्यापुढं धरली. भोकरची आत्या, धर्माबादचा मामा, शेजारचे चाचा, दूधवाला... मी नाही. ही यादी कुठं असते ते मी त्यांना कधी शिकवलं नव्हतं. त्यांची त्यांनीच शोधून काढली होती.

"सारे दिसतेत, तूच दिसत न्हाईस. रोज बघून राहिलो. दोन डाव दुकानात नेऊन दावला, मागल्या आठवड्यात बी, त्यो म्हन्ला मोबाईल चांगलाय. मंग म्या म्हन्लं, लातूरलाच रेंज नसंल."

दोन वेळा. त्यातली एक वेळ तो सुजलेला पाय घेऊन... आणि ते दुकान पार स्टेशनपाशी आहे.

खोटं बोलता आलं असतं. 'सेटिंग बिघडलंय' म्हटलं असतं तर त्यांनी लगेच मानलं असतं, माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास आहे. अगदी ओठांवर आलं होतं. पण दादा चष्मा पुसून माझ्या बोटांकडे बघत बसले होते... आता दुरुस्त होईल म्हणून. मला जमलं नाही. म्हटलं, "दादा, मोबाईल चांगला आहे. मीच तुमचं स्टेटस बंद करून ठेवलं होतं."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "लई टाकतो का मी?"

मला रडूच फुटलं. मग ज्यांचं मन मी दुखावलं होतं, तेच माझी समजूत घालायला लागले.

"एरवी फोन केला तर तू कामात राहतीस, उगं तरास. ह्याचं बरं असतंय... म्या माझं टाकून देतो, तू तुझ्या टायमानं बघतीस. तुझं नाव आलं की मला कळतंय, पोरगी उठली, बरी हाय. गेटवर तसंच होतं की. गाडी जाताना म्या हिरवी झेंडी दावायची, मागच्या डब्यातून गार्डनं दावायची. बोलनं काहीच न्हाई. पर त्याला कळायचं इकडं ठीक हाय, अन मला कळायचं तिकडं ठीक हाय."

"आणि गार्डनं नाही दाखवली तर?"

"मंग लगेच टेशनला कळवायचं. पुढं गाडी थांबवून बघायचे, काय झालंय म्हनून."

चार महिने त्यांना माझ्याकडून काहीच दिसत नव्हतं. आणि या माणसानं एक शब्द न विचारता, दोष मोबाईलला दिला, रेंजला दिला... मला सोडून सगळ्यांना दिला.

त्यांच्यासमोरच म्यूट काढलं. "आता एकच टाकीन," म्हणाले. मी म्हटलं, वीस टाका. "न्हाई, एकच... येळ जातो तुझा." त्यावरून आमचं थोडं भांडणही झालं आणि मग दोघांनी मिळून पिठलं केलं.

काल सकाळी लातूरच्या घरी डबा भरता भरता भाजीचा एक फोटो काढला. स्टेटसला लावला आणि कोण पाहू शकेल, तिथं एकच नाव ठेवलं... दादा. एक पोस्ट किती हजार लोकांनी पाहिली त्यावर माझी नोकरी चालते, आणि काल मी एका माणसाची वाट बघत ओट्यापाशी उभी होते.

दोन मिनिटांत खाली आकडा आला... एक.

रोज सकाळी आपलं नाव शोधणारं कुणीतरी आहे, ही केवढी श्रीमंती असते... मला फार उशिरा कळलं. मुदखेडला दादांनी तेव्हा मोबाईल खाली ठेवून निवांत चहा टाकला असेल.