वर्गणीदार वारले

माझा भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील, बहिणीला भावाचं बघवत नाही. तो आईची औषधं वेळेवर आणतो. तिच्या मोतीबिंदूच्या वेळी कंपनीत रजा टाकून दवाखान्यात बसून राहिला. सगळं कबूल. पण राग यायचा तिथं येतोच, आणि मला जो आला तो अजून उतरलेला नाही.

बाबा गेले त्यानंतरची गोष्ट. आई भाऊ-भावजयीकडं सिडकोत राहते, मी बजाजनगरला. त्या दिवशी भावाच्या कंपनीला सुट्टी होती म्हणून मी मुद्दाम गेले. चपला काढते न काढते तोच आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "पोस्टाचा संप चालूय का गं?"

"कसला संप? काऊन?"

"अंक येईना कधीचा."

अंक म्हणजे पुण्याहून टपालानं येणारं मासिक. मला कळतं तेव्हापासून ते आमच्या घरी येतंय. दुपारची भांडी झाली की आई पदराला हात पुसून मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. वरचं वेष्टन फाडायची नाही, आतून अंक अलगद ओढून काढायची. आधी क्रमशः चाललेली कादंबरी, मग बाकीचं, आणि सगळं संपलं की गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीसुद्धा. ओळीखाली बोट धरून. मधे कुणी हाक मारली तर "आले, आले" म्हणायची आणि पान संपवूनच उठायची. एरवी हाकेसरशी धावणारी बाई ती. तिनं आयुष्यात केलेली बेअदबी म्हणाल तर एवढीच.

आणि आमच्या घरात या वाचनाला शब्द काय होता, तर चाळणं. बाबा पेपर तोंडापुढं धरून घोरत असले तरी आम्हाला दम मिळायचा, "हळू बोला, बाबा वाचतायत." आई मासिक घेऊन बसली की कुणीतरी विचारायचं, आई कुठंय, आणि उत्तर यायचं, "बसली असंल काहीतरी चाळत." चाळायला ते काय गहू होते? पण बाईमाणूस वाचतं म्हणायला आमच्या लोकांची जीभ वळत नाही. मीसुद्धा लहानपणी चाळतीय असंच म्हणत होते, घरात दुसरा शब्दच नव्हता.

वेष्टनावर नाव मात्र बाबांचं. पुढं श्री. लावून, झोकात. घरात टपाल यायचं तर गडीमाणसाच्या नावानं, हा आमच्याकडचा कायदा. बाबांनी त्या मासिकाचा उपयोग उकाड्यात वारा घ्यायला केला, नाहीतर झुरळ मारायला. आणि बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी कपाटातल्या अंकांच्या थप्प्या बघून काय म्हणावं? "काय वाचन होतं हो माणसाचं!" मेल्या म्हशीला मणभर दूध! आई तिथंच भिंतीला टेकून बसलेली. तिनंही मान हलवली. माझ्या जिभेवर आलं होतं, पण सुतकात तोंड कुठं उघडायचं, म्हणून गिळलं.

तर, पोस्टाचा संप. मी बाहेर येऊन भावाला विचारलं, "आईचा अंक काऊन येईना रे?"

तो मोबाईलमध्येच बघत म्हणाला, "ते बंद केलं ना मी."

"बंद केलं म्हंजे?"

"अगं, बाबांच्या दाखल्याच्या झेरॉक्स घेऊन हिंडत होतो ना सगळीकडं. बँक, गॅस, लाइट. तवा मासिकवाल्यांना बी कळवून टाकलं, वर्गणीदार वारले, अंक पाठवू नका."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "लाइट बंद केलीस का रे? मीटर बाबांच्याच नावावर होतं ना?"

"लाइट कशी बंद करीन? ती लागती ना आपल्याला. नाव बदलून घेतलं."

"आणि गॅस?"

"ताई, तू बी ना. गॅस तर लागतोच."

"मग हेच तेवढं बंद?"

"ते बाबांचं होतं ना," तो म्हणाला. अगदी साधेपणानं. आणि त्या साधेपणाचाच मला जास्त संताप आला. लबाडी केली असती तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. याला तर खरंच वाटत होतं की ते बाबांचं होतं. एका घरात जन्म काढला, रोज त्या पायरीवरून आईला ओलांडून अंगणात गेला, आणि याला दिसलं काय तर वेष्टनावरचं नाव.

भावजय चहा घेऊन आली. "ताई, आत्याबाई नुसत्या चाळायच्या हो," ती म्हणाली. "रद्दी साचायची घरभर. आता यांनी मोबाईलवर दिलंय ना सगळं, फुकट."

दिलं होतं खरं. कुठल्या तरी ग्रुपवर आईला घातलं होतं. अक्षर मोठं करायला गेलं की निम्मी ओळ पडद्याच्या बाहेर पळते, ती धरायला गेलं की दुसरंच पान येतं. आईनं चार दिवस झटापट केली आणि मोबाईल देवघराच्या फळीवर ठेवून दिला.

"जाऊ दे गं," आई दारातून म्हणाली. "नसलं तर नसलं. त्या कादंबरीतली बाई कोर्टात उभी ऱ्हायली व्हती. ती काय बोलली तेवढं कळायला पायजे व्हतं, बस."

जाऊ दे! या दोन शब्दांवर आमच्या घरच्या सगळ्या बायकांचे संसार उभे आहेत. मला भावाचा आला त्याच्या दुप्पट राग आईचा आला. मी तिथंच जुन्या अंकावरचा नंबर काढून फोन लावला, आणि आईला शेजारी बसवून स्पीकर चालू केला.

पलीकडं एक मुलगी होती, गोड आवाजाची. तिनं बघून सांगितलं, "वर्गणीदार वारल्याचं कळवलंय ताई, म्हणून अंक थांबवलाय."

"वारले ते वाचत नव्हते," मी म्हटलं. "वाचणारी जिवंत आहे. माझ्या शेजारी बसलीय."

ती बिचारी गडबडली. मग म्हणाली, "नवीन वर्गणी कुणाच्या नावानं करू?"

मी आईकडं बघितलं. आई कुजबुजली, "तुझ्या भावाच्या नावानं टाक."

"आई!" मी एवढ्या जोरात ओरडले की फोनवरची मुलगीसुद्धा "अं?" म्हणाली. "त्याला काय करायचंय? पुन्हा तेच? तो वाचणारे का? तुझं नाव सांग!"

आई बांगडी फिरवत बसली. मग घसा साफ करून फोनकडं वाकली आणि एक नाव सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव. त्यातलं आडनाव मामांचं होतं, एवढं मला कळलं. पहिलं नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"मी," आई म्हणाली. "लग्नाच्या आधीची."

लग्नात हिच्यापुढं ताटात तांदूळ पसरले होते म्हणे. बाबांनी अंगठीनं त्यात नवीन नाव लिहिलं, बायकांनी वाचलं, पेढे वाटले, झालं. कुणी तिला विचारलं नाही, आवडलं का. मामा तिला अक्का म्हणायचे, आजी बाई म्हणायची, म्हणून आमच्या कानावर ते कधी पडलंच नाही. शाळेत हजेरीला तेच नाव होतं, ती म्हणाली, आणि बाईंनी तिला पहिलं गोष्टीचं पुस्तक दिलं ते त्याच नावाला.

मुलीनं पत्ता विचारला. "औरंगाबाद लिहू की छत्रपती संभाजीनगर?"

"जे चालतंय ते लिही माय," आई म्हणाली. "गावाचं नाव बदललं तर गावभर बोलणं झालं, पाट्या रंगवल्या. माझं बदललं तवा कुणी हूं की चूं केलं नाय."

"काकू, भावाचं... म्हणजे मुलाचं नाव खाली टाकू का? यांच्याकडे, असं?"

"नको. घर नंबर लिही. घर नंबर पुरं."

मी वर्गणी भरली आणि परत येताना मला वाटलं, चला, एक काम झालं. आईचा आवाज फोनवर दर वेळी जरा चढा लागायचा. "यील आता," म्हणायची. स्वतःच गेटपाशी खुर्ची टाकून बसते म्हणाली. मग तिला खोकला झाला, ताप आला, भावजयीनं आत झोपवलं. आणि अंक काही येईना. मी पुण्याला फोन लावला.

त्याच मुलीनं उचलला. "ताई, अंक परत आलाय. वर शेरा आहे. या नावाचं इथं कोणी राहत नाही."

मी स्कूटी काढली आणि वाळूज रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना शिव्या देत तडक सिडको गाठलं. भाऊ सोफ्यावर होता. आई आतल्या खोलीच्या दारात, शाल घेऊन, नुकती उठून बसायला लागलेली.

"पोस्टमन आला होता का?" मी उभ्या-उभ्याच विचारलं.

"आला व्हता मागं," तो म्हणाला. "कुण्या बाईचं टपाल आपल्या पत्त्यावर. म्हटलं बाबा, इथं कोणी नाय या नावाचं. चुकून आलं असंल."

मी तोंड उघडलं. काय-काय बोलणार होते, देव जाणे. पण आईनं हात वर केला, मला थांबवलं.

"ते माझं व्हतं," ती म्हणाली.

"तुझं? अगं, नाव दुसरंच..."

"ते माझं नाव आहे."

भाऊ तिच्याकडं बघतच राहिला. मग नेहमीचं निघालं तोंडातून, "मग सांगायचं ना आई आधी! मला कसं कळणार?"

"तुझं काय चुकलं?" आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "खरं तेच सांगितलंस पोस्टमनला. या नावाची बाई या घरात राहतच नव्हती. कुणी राहूच दिलं नाय तिला. आता राहती म्हणावं. गेटावर पाटी लाव."

भावजय चहाचं आधण तसंच ठेवून बाहेर आली. भावानं खिशातून मोबाईल काढला, पाटीवाल्याला पाठवायला मजकूर लिहू लागला, आणि त्याचा अंगठा थांबला. कान लाल झाले होते त्याचे. संसारी, कर्ता-सवरता माणूस, खाली मान घालून म्हणाला, "आई, नाव काय म्हणलीस?"

आईनं सांगितलं. त्यानं लिहून तिला दाखवलं. चुकलं होतं. तिनं पुन्हा सांगितलं.